मास्तरांच्या घरातला अबोला

मास्तरांनी आयुष्यात खडू हातात धरला तो फक्त लोखंडावर खूण करायला. शाळेशी त्यांचं लहानपणीच फाटलं होतं. तरी सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, कारण टॉवेल विणायच्या कारखान्यात नव्या विणकरांना तेच तयार करायचे आणि एखादा यंत्रमाग रुसून बसला की त्याची समजूतही तेच काढायचे. ओघानंच त्यांची बायको मास्तरीणबाई झाली. दोघांना मिळून एक लेक, आणि लेकीच्या लग्नाचे फोटो भिंतीवर लागतात न लागतात तोच एक नात.

निवृत्त झालेल्या मास्तरांना त्या दिवसांत जगाकडून एकच गोष्ट हवी होती. ती नात. तीही सगळीच्या सगळी नको, नुसती सकाळची. लेकीची बाळंतपणाची रजा संपत आली होती. जावई नोकरीवर, मास्तरीणबाई अजून दुपारपर्यंत कारखान्याच्या घड्या घालायच्या विभागात. मग सकाळी पोरीला बघायचं कोणी, हा प्रश्न घरात निघाला आणि जमिनीवर पडायच्या आत मास्तरांनी तो झेलला.

त्याला कारण होतं. स्वतःची लेक लहान असताना मास्तर पाळ्यांवर असायचे. निघताना ती झोपलेली, परतताना झोपलेली. "माझी लेक आडवीच वाढली," असं ते सांगायचे. ती उभी असलेली त्यांनी निवांत पाहिली तेव्हा तिच्या पाठीवर दप्तर होतं. तेव्हा राहून गेलेलं आता कुणीतरी पुन्हा दारात आणून ठेवलं होतं, आणि या खेपेला मास्तर ते सोडणार नव्हते.

शिवाय नात म्हणजे अगदी गुणी. रडणं म्हणून नाही. मास्तर भेटेल त्याला हे सांगायचे. लेक दोन मजले वर राहायला आली होती, पोर दिवसभर खालीच असायची, आणि तरी कधी हूं की चूं नाही. समोरच्या खोलीतल्या काकूंनी तिला 'पिपाणी' असं नाव का ठेवलं, हे मास्तरांना कोडंच होतं. त्यांना वाटायचं, लाडानं ठेवलं असेल. पिपाणी कधीकधी तोंड मोठं उघडून लालबुंद व्हायची ते त्यांनी पाहिलं होतं, पण त्याला ते जांभई समजायचे. आमच्या घराण्यात जांभया मोठ्याच, असंही वर म्हणायचे. ऐकणारे एकमेकांकडे बघायचे आणि चहाचा घोट घ्यायचे.

आता थोडं कारखान्याविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं नीट उमगायचं नाही.

पत्र्याच्या छपराखाली ओळीनं माग, आणि प्रत्येक मागात आडवा धागा नेणारा धोटा या टोकापासून त्या टोकापर्यंत आपटत धावणारा. एका मागाचा खडखडाट असा की शेजारी कुणी ताट आपटलं तरी कळू नये. इथे तर शेडभर माग. अशा ठिकाणी तोंडानं बोलायचं म्हणजे समुद्रात मीठ टाकायचं. म्हणून शेडमध्ये कुणी आवाज वापरतच नसे. ओठ रबरासारखे ताणायचे, डोळे मोठे करायचे, आणि शब्द समोरच्याच्या डोळ्यांत सोडायचा. जोडीला हाताच्या खुणा. मुठीवर मूठ म्हणजे धोटा अडकला. मानेवरून बोट फिरवलं म्हणजे साहेब येतोय. आणि पंजा पालथा धरून संथ पाण्यावरच्या होडीसारखा हलवला की माग झकास चालू आहे, तू निवांत जा.

या भाषेत एकच गैरसोय होती. कुजबूज करता यायची नाही. पार पलीकडच्या टोकाचा माणूसही तुमचे ओठ वाचून मोकळा. मास्तरांनी तरुणपणी तीन माग ओलांडून पलीकडे सुताच्या कांड्या भरणाऱ्या एका रागीट चेहऱ्याच्या मुलीला लग्नाचं विचारलं, तेव्हा तिनं मान खाली घातली आणि मधल्या तीन विणकरांनी तिच्या वतीनं होकार कळवला. संध्याकाळी भोंगा झाल्यावर दोघं फाटकाबाहेर भेटली. तिचा आवाज मास्तरांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. चेहऱ्यावरून वाटायचं, ही डरकाळी फोडेल. निघाला तो सुईत ओवायच्या धाग्यासारखा बारीक, सरळ आवाज. "विचारायचंच होतं तर चार लोकांत कशाला विचारायचं?" एवढंच ती म्हणाली. मास्तर त्या आवाजावर दुसऱ्यांदा भाळले.

कारखान्यानं कानात घालायला फोमचे बोळे दिले होते. मास्तरांनी ते घरी आणून खडखडणाऱ्या खिडकीच्या फटीत बसवले, आणि खिडकी खरोखर शांत झाली. स्वतःच्या कानात ते कसे घालणार? मागाचं दुखणं ते कानानं ओळखायचे, निदान त्यांना तसं वाटायचं. पुढे पुढे मागाच्या चौकटीवर तळहात ठेवल्याशिवाय त्यांना निदान सुचेनासं झालं होतं, पण हात ठेवायची सवयच आहे म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

जावई या सगळ्यात नवखा. तो दिवसभर कानाला हेडफोन लावून फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायचा आणि सुटल्यावर त्या विसरायला कानात बोंडं खुपसून गाणी ऐकायचा. मनानं अगदी लोणी. सासुरवाडीला यायला लागल्यापासून त्याला एक गोष्ट खात होती. सासूबाई सगळ्यांशी छान बोलतात. काकूंशी बोलतात, लेकीशी बोलतात, त्याच्याशी तर 'जावईबापू, जावईबापू' करून बोलतात. पण सासऱ्यांकडे वळल्या की आवाज बंद. नुसते ओठ ताणून, दात दाखवून, डोळे वटारून त्या काहीतरी करतात. त्याला वाटलं, मनातल्या मनात शिव्या देत असणार. आणि सासरे असे थोर, की एवढं होऊनही हसून म्हणतात, "हो, घेतो."

इतका जुना, इतका मुरलेला अबोला त्यानं कुठे पाहिला नव्हता. बायकोला विचारावं तर सासरच्या भानगडीत नाक खुपसल्यासारखं होईल. म्हणून त्यानं आपल्या परीनं समेटाचे प्रयत्न चालवले. दोघांना एका बाकावर बसवून फोटो काढ, दोघांच्या मध्ये मिठाईचा एकच डबा ठेव, "आई, बाबांना जरा वाढा ना" असं म्हण. मास्तर मास्तरीणबाईंना ओठांनी म्हणायचे, पोरगा चांगला आहे, पण जरा हळवा आहे. मास्तरीणबाई ओठांनीच म्हणायच्या, असू दे, आपल्या लेकीला तसाच हवा होता.

लेकीला यातलं काहीच वावगं वाटत नसे. ती त्याच घरात वाढली होती. बाबांशी असंच बोलायचं असतं, समोर जाऊन, ओठ ताणून, एवढं तिला माहीत. त्यातून आईचा आवाज कधी गळाला, हे तिच्याही लक्षात आलं नव्हतं.

रजा संपायच्या आदल्या आठवड्यात एका सुट्टीच्या सकाळी रंगीत तालीम ठरली. लेक आणि मास्तरीणबाई बाजारात गेल्या. पिपाणी पाळण्यात झोपली होती. मास्तर उजेडासाठी खिडकीकडे तोंड करून बसले आणि तिच्या दुपट्यांच्या घड्या घालू लागले. काठाला काठ, कोपऱ्याला कोपरा. आयुष्यभर टॉवेल पाहिलेला माणूस, चुरगळलेलं कापड त्यांना बघवत नसे. असं बसून आपण कुणासाठी तरी घरात आहोत, या सुखात ते गुणगुणतही होते.

जावई वरून जिना उतरत होता. कानात गाणं चालू होतं, तरी गाण्याच्या वरताण एक आवाज त्याला ऐकू आला. त्यानं बोंडं काढली आणि उरलेल्या पायऱ्या धावतच उतरला. दारात काकू उभ्या होत्या. आत पाळण्यात पिपाणी निळीजांभळी होऊन टाहो फोडत होती, आणि तिच्याकडे पाठ करून मास्तर दुपट्याची सुरकुती हातानं सारखी करत होते.

त्यानं पोरीला उचललं. त्याचा धक्का खुर्चीला लागला तेव्हा मास्तर वळले आणि प्रसन्न हसले. "उठली वाटतं? बघ, एवढ्या वेळात तोंडातून शब्द नाही."

"बाबा, ती रडत होती."

"आत्ता?"

"मला वरच्या मजल्यावर ऐकू आलं."

मास्तरांना वाटलं, थट्टा करतोय. मग त्यांना काकूंचा चेहरा दिसला. काकू जमिनीकडे बघत होत्या.

जावई घाबरला होता, आणि घाबरलेला हळवा माणूस भलतंच बोलून जातो. तुमचं आणि आईंचं काय वैर असेल ते असो, तो म्हणाला, पण त्याची शिक्षा या जिवाला नको. मास्तरांना काही उलगडेना. कसलं वैर? अरे, ती सकाळीच मला झापून गेली, पंख्याची पाती पुसली नाहीत म्हणून. इतकी वर्षं झाली, आम्ही एक दिवस न बोलता काढला असेल तर शपथ.

जावयानं पोरीला खांद्यावर थोपटलं. मग समोर येऊन हळू बोलला.

"बाबा, पण आईंचा आवाज कुठे असतो?"

 दुपट्याची घडी मास्तरांनी मोडली, पुन्हा घातली, पुन्हा मोडली.

मास्तरीणबाई परतल्या तेव्हा मास्तरांनी त्यांना समोर बसवलं. म्हणाले, मी डोळे मिटतो, तू काहीही बोल. त्यांनी डोळे मिटले. वाट पाहिली. काहीच आलं नाही. डोळे उघडले तर मास्तरीणबाईंचे ओठ थांबलेले होते आणि डोळे भरलेले.

"बोलली नाहीस तू," मास्तर म्हणाले.

मास्तरीणबाईंनी ओठ ताणून सावकाश सांगितलं, "या वेळी मी आवाज लावला होता."

मग सगळं निघालं. बऱ्याच वर्षांपूर्वी मास्तरांना हाका मारून मारून मास्तरीणबाईंचा घसा दुखायचा, आणि घरातलं प्रत्येक भांडण काकूंना तोंडपाठ व्हायचं. एकदा सर्दीनं त्यांचा आवाज पार बसला. आठवडाभर नुसत्या ओठांनी बोलल्या. मास्तरांनी प्रत्येक गोष्टीला उत्तर दिलं, दोनदा वादही घातला, पण आवाज बसलाय हे त्यांच्या लक्षात आलं नाही. सर्दी गेल्यावर मास्तरीणबाईंनी आवाज परत लावलाच नाही. लावून कुणासाठी लावायचा? सांगितलं का नाही, असं मास्तरांनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, शेडमध्ये सगळे तुमच्या कानांचं कौतुक सांगायचे. त्या माणसाला बहिरा कसं म्हणू? जिवावर आलं. मी रोज मनाशी म्हणायचे, उद्या सांगू.

मास्तर हे ऐकून रागावले असते तर चाललं असतं. पण त्यांच्या डोक्यात भलतंच चाललं होतं. ही बाई पाणी मागायलासुद्धा पंख्याखालून उठून आपल्यासमोर येऊन उभी राहायची. कणीक मळता मळता, केस विंचरता विंचरता, रागाच्या भरातही. पाठमोरी राहून तिनं आपल्याला एक शब्द कधी सांगितला नव्हता. आपल्याला ऐकू येतं असं वाटावं, म्हणून ती रोज किती वेळा वळली असेल?

 संध्याकाळी लेक बाबांचा हात हातात घेऊन समोर बसली आणि म्हणाली की कोपऱ्यावर एक पाळणाघर आहे, बरं आहे म्हणतात. मास्तरांनी मान हलवली. तुझं बरोबर आहे, म्हणाले. पुढचे दोन दिवस ते पिपाणीजवळ गेले नाहीत. लांबून तिच्या जांभया बघत बसायचे.

जावयाला ते बघवेना. अबोल्याचा शोध आपणच लावला, तेव्हा निस्तरायलाही आपणच हवं, असं म्हणून तो मास्तरांना कानांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला.

तिथे काचेची खिडकी असलेल्या एका कपाटवजा खोलीत मास्तरांना बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. मास्तर धडाधड बटण दाबू लागले. डॉक्टरीणबाईंना संशय आला. मास्तर काचेतून त्यांचा हात कधी हलतो ते बघत होते. फसवायचं मनात नव्हतं, ऐकायची त्यांची रीतच ती. बाईंनी त्यांची खुर्ची भिंतीकडे फिरवली. मग बटण बराच वेळ गप्प राहिलं.

बाईंनी नंतर समजावलं तेही मास्तरांच्याच धंद्यातलं उदाहरण घेऊन. टॉवेलवर सुताचे बारीक फासे असतात ना, तसे कानाच्या आत केस असतात. आवाज आला की ते हलतात, आणि हलले की आपल्याला ऐकू येतं. एखाद्या दिवसाच्या गोंगाटानं ते दबतात, विश्रांती मिळाली की बरेचसे उभे राहतात. पण रोज पाळीभर, वर्षानुवर्षं तुडवले की झडतात, आणि झडलेला फासा परत उगवत नाही. आधी झडतात ते बारीक, उंच आवाजांचे. पाखरं, कुकरची शिट्टी, बायकामुलांचे आवाज.

"म्हणजे टॉवेलाचं फडकं झालं," मास्तर म्हणाले.

"फडकं नाही. विरळ झालाय. यंत्रं लावू, उरलेल्या फाशांना जोर देऊ. कोरा टॉवेल मात्र मिळणार नाही."

एवढं बोलून त्या जावयाकडे वळल्या आणि त्यालाही कपाटात बसायला सांगितलं. त्यानं विचारलं, मी कशाला? तर म्हणाल्या, तुम्ही दारातून आलात तेव्हा तुमच्या कानातलं गाणं मी टेबलाच्या अलीकडून गुणगुणू शकले असते. जावईबापू आत गेले ते ऐटीत आणि बाहेर आले ते पडेल चेहऱ्यानं. त्यांच्याही टॉवेलाला एका कोपऱ्यात झीज लागली होती. दिवसभर फोन आणि वर गाणी, कानांना विसावाच नाही. आवाज निम्म्यावर आणा आणि मधेमधे कान मोकळे सोडा, असं बाईंनी बजावलं. परतीच्या वाटेवर मास्तरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तुझा माग अजून दुरुस्तीतला आहे, म्हणाले. मला सांगणारा कुणी भेटला नाही असं नाही, बोळे दिले होते, मी ते खिडकीला घातले. तुला तर तुझ्या पोरीच्या रडण्यानंच इथवर आणून सांगितलं.

यंत्रं आली त्या दिवशी मास्तर घरी परतले ते चोरासारखे दबकत, कारण त्यांच्या स्वतःच्याच चपला त्यांचा पाठलाग करत होत्या. वर्तमानपत्र उघडलं तर पत्रा फाटल्यासारखं वाजलं. फ्रिजसमोर ते बराच वेळ उभे राहिले. हा बिचारा इतकी वर्षं असाच कण्हतोय आणि आपण एकदाही विचारपूस केली नाही, याचं त्यांना वाईट वाटलं.

मास्तरीणबाई स्वयंपाकघरातून आल्या, समोर उभ्या राहिल्या आणि सवयीनं ओठ ताणून काहीतरी म्हणाल्या. काहीच ऐकू आलं नाही. मास्तरांनी यंत्राला बोट लावून पाहिलं. मग त्यांच्या ध्यानात आलं.

"अगं, आवाज लाव."

मास्तरीणबाई लाजल्या. या वयात, नवऱ्यासमोर, स्वतःच्या घरात त्यांना बोलायची लाज वाटली. पदराशी चाळा केला, घसा खाकरला.

"पंख्याची पाती अजून पुसली नाहीत तुम्ही," त्या म्हणाल्या.

आवाज जरा घोगरा झाला होता, कडेनं थोडा उसवला होता. यंत्रातून येताना त्याला पत्र्याची किनारही लागली होती. पण खाली तोच होता, सुईत ओवायच्या धाग्यासारखा. मास्तर खुर्चीत बसले. पुन्हा म्हण, म्हणाले. त्यांनी पुन्हा म्हटलं. त्या दिवशी पंखा तीनदा पुसला गेला.

लेकीची मात्र एका पंख्यावर खात्री पटणार नव्हती. तिनं बाबांना चार दिवस पारखलं. त्यांच्या मागे उभी राहून हाक मारली, शेजारच्या खोलीत पिपाणीला कुरकुरू दिलं. मास्तर दर वेळी वळले. तरी यंत्राची बॅटरी संपली तर काय, असं तिनं विचारलं, आणि हा प्रश्न मास्तरांना फार आवडला. मागावर एक धागा तुटला की माग आपोआप थांबतो, त्यासाठी प्रत्येक धाग्यावर एक पातळ पट्टी टांगलेली असते. मास्तरांनी पाळण्याच्या दांड्याला एक दोरी बांधली आणि तिचं दुसरं टोक स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला. पोर हलली, पाळणा हलला, की अंगठा ओढला जाणार. शिवाय खुर्ची आता खिडकीकडे नाही, पाळण्याकडे तोंड करून. लेकीनं दोरी ओढून पाहिली, बाबा दचकले, आणि ती हसली. पाळणाघराचं नाव त्यानंतर निघालं नाही.

मधे एकदा मास्तर जुन्या शेडच्या फाटकावर जाऊन आले. पाळी सुटत होती. भाषण द्यायचा त्यांचा स्वभाव नव्हता. आपल्या जागेवर आलेल्या नव्या माणसाला त्यांनी एवढंच सांगितलं, की बोळे घातले तरी मागाचं दुखणं तळहाताला कळतं, मला विचार. आणि खिडकीला दुसरं काहीतरी लाव.

रजा संपल्यावरच्या पहिल्या सकाळी सगळे कामाला गेले. मास्तर अंगठ्याला दोरी बांधून बसले. थोड्या वेळानं पिपाणीनं तोंड उघडलं. मास्तरांना वाटलं, जांभई. आणि मग ते आलं. बारीक, उंच, छपराला भोक पाडणारं. समोरच्या काकूंनी नाव उगाच ठेवलं नव्हतं. दोरीनं अंगठाही ओढला, पण तोवर मास्तर उठलेले होते. त्यांनी तिला उचललं, आणि उचलल्यावरही ती क्षणभर रडत राहिली तर त्यांना बरंच वाटलं. एवढ्या आवाजाला आपण गुणी म्हणत होतो. "रड," ते तिला म्हणाले, "मी आहे इथे." दूध पोटात गेल्यावर ती गप्प झाली, आणि त्यांच्या मांडीवर झोपून गेली.

दुपारी मास्तरीणबाई आल्या. दार उघडंच होतं. मास्तर त्यांच्याकडे पाठ करून बसलेले, मांडीवर पोर, अंगठ्याला दोरी. त्या सवयीनं पुढे जाऊन समोर उभ्या राहणार होत्या. मग उंबऱ्यातच थांबल्या. चपला काढल्या नाहीत. हळू, अगदी हळू आवाजात, पाठीलाच विचारलं.

"उद्या मला तासभर जास्त थांबायला सांगितलंय. थांबू का?"

मास्तरांनी मागे वळून पाहिलं नाही. पोर जागी होईल म्हणून तोंडही उघडलं नाही. फक्त उजवा हात खांद्याच्या वर उचलला, पंजा पालथा धरला, आणि संथ पाण्यावरच्या होडीसारखा हलवला.